शीतल ते शिळे : शीतकपाटापूर्वीच्या मराठी घरातील अन्नरक्षण

यांत्रिक शीतकपाट घरोघर येण्यापूर्वी लोक अन्न थंड कसे ठेवीत, असा प्रश्न विद्यार्थी वारंवार विचारतात. त्याचे ठरावीक उत्तरही तयार असते. माठ, शिंके, ओले फडके ह्यांची नावे घेतली जातात आणि ‘हेच आपल्या पूर्वजांचे फ्रीज’ असा निर्वाळा दिला जातो. प्रस्तुत लेखकास हे उत्तर मान्य नाही, कारण त्या प्रश्नातच आजच्या घराचे एक गृहीत लपलेले आहे. अन्न टिकावयाचे तर ते थंड असले पाहिजे, ही समजूत शीतकपाटाने आपल्याला दिली. जुन्या मराठी घराची समजूत बहुतांशी ह्याच्या उलट होती आणि तिचा पुरावा भाषेत अद्याप शिल्लक आहे. भांडी फुटतात, लाकडी कपाटे मोडीत जातात; परंतु शब्द सहसा टाकले जात नाहीत. म्हणून ह्या लेखात वस्तूंपेक्षा शब्दांकडेच प्रथम वळावयाचे आहे.

‘शिळा’ हा शब्द घेऊ. त्याचे मूळ संस्कृत ‘शीतल’ हे होय. प्राकृतात स्वरमध्यस्थ ‘त’ लोप पावून ‘सीअल’ झाले. पुढे मराठीत ‘ई’सारख्या तालव्य स्वरापूर्वीच्या ‘स’चा ‘श’ आणि स्वरमध्यस्थ ‘ल’चा ‘ळ’ होऊन ‘शिळा’ हे रूप सिद्ध झाले. ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने येथे काहीच विलक्षण नाही. विलक्षण आहे तो अर्थ. ‘थंड’ ह्या अर्थाचा शब्द ‘बिघडण्याच्या वाटेवरचा, कालचा, टाकाऊ’ ह्या अर्थाप्रत पोहोचला. गुजरातीत ह्याच शब्दाचे ‘शीळुं’ हे रूप आजही सुखद गारवा, सावलीतील थंडावा ह्या अर्थाने चालते. मराठीतही ‘शिळोपा’ ह्या शब्दात तो जुना, उन्ह उतरल्यानंतरच्या निवांतपणाचा अर्थ तग धरून आहे. शिळोप्याच्या गप्पा म्हणजे कालच्या गप्पा नव्हेत. परंतु अन्नाच्या बाबतीत मात्र मराठीने ‘शीतल’ ह्या शब्दाला पूर्णपणे बदनाम केले.

शेजारच्या भाषांनी हीच गोष्ट निराळ्या रीतीने सांगितली आहे, हे लक्षणीय आहे. हिंदीतील ‘बासी’ व गुजरातीतील ‘वासी’ ह्या शब्दांच्या मुळाशी ‘वस्’ म्हणजे राहणे हा धातू आहे. रात्रभर राहिलेले ते बासी. धर्मशास्त्रातील ‘पर्युषित’ हा पारिभाषिक शब्दही त्याच धातूपासून आलेला आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस आहाराच्या वर्णनात तो येतो, आणि त्याच्याबरोबर ‘यातयाम’, म्हणजे ज्यावरून प्रहर उलटला आहे ते, हेही विशेषण येते. ह्याचा अर्थ असा की, शास्त्राने व उत्तरेकडील भाषांनी अन्नाचे वय काळाने मोजले. मराठीने ते उष्णतेने मोजले. चुलीवरून उतरलेले अन्न ‘ऊन’ (हा शब्द ‘उष्ण’पासून आलेला आहे), आणि त्याची ऊब गेली की ते शिळेपणाच्या मार्गाला लागले. आज आपण ‘शिळे’ ह्या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द म्हणून ‘ताजे’ शिकवतो. परंतु ‘ताजा’ हा फारसी शब्द आहे. तो मराठीत रुळण्यापूर्वी ऊन आणि शिळे हीच जोडी अन्नाच्या बाबतीत काम करीत असावी, असे माझे अनुमान आहे. पुढे अर्थाचा विस्तार झाला व आदल्या दिवशी भरलेले पाणीही, ते थंड असो वा नसो, ‘शिळे पाणी’ म्हटले जाऊ लागले. म्हणजे उष्णतेचा शब्द अखेर काळाचा झाला. ‘शिळ्या कढीला ऊत’ ह्या म्हणीत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदताना दिसतात.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, मराठीत थंड होण्याचा चांगला अर्थही आहे. तो आहे, पण त्याला वेगळे क्रियापद आहे. ‘निवणे’ हे ते क्रियापद. दिवा विझणे, दाह शमणे ह्या अर्थाच्या ‘निर्वा’ ह्या संस्कृत धातूशी त्याचे नाते आहे. दूध निवते, भात निवतो, डोळे निवतात, जीव निवतो. खाण्याजोगे होण्यापुरते थंड होणे म्हणजे निवणे आणि त्याच्या पुढची पायरी म्हणजे शिळे होणे. ह्या दोहोंच्या मधला जो काळ, तोच जुन्या घरातील अन्नाचा खरा उपभोग्य काळ होता. गृहिणीचे सारे कौशल्य हा काळ लांबविण्यात नव्हते. त्याच काळात अन्न संपविण्यात ते होते.

पाण्याची गोष्ट मात्र अगदी वेगळी. पाणी थंड करण्याची कला मराठी मुलखाला उत्तम अवगत होती आणि तिची परिभाषा समृद्ध आहे : माठ, रांजण, घागर, सुरई, घडवंची, वाळा, पाणपोई. कच्च्या भाजणीच्या मातीच्या भांड्यातून पाणी पाझरते, बाहेरच्या पृष्ठावर त्याची वाफ होते आणि ती होताना लागणारी उष्णता आतील पाण्यातून घेतली जाते. एक ग्रॅम पाण्याच्या बाष्पीभवनाला सुमारे ५८० कॅलरी लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे इतक्या थोड्या पाझरण्याने एवढे पाणी गार कसे होते ह्याचा उलगडा होतो. पण हा सारा व्यवहार हवेच्या कोरडेपणावर अवलंबून आहे. वैशाखात नागपूर-अमरावतीकडे तापमान ४२ अंश सेल्सियस व हवेतील आर्द्रता २० टक्के असेल, तर ह्या रीतीने पाणी तत्त्वतः २३-२४ अंशांपर्यंत उतरू शकते. कोकणात त्याच सुमारास तापमान ३३ अंशच असते, परंतु आर्द्रता ७० टक्के असल्यास २८ अंशांच्या खाली जाणे शक्य नसते. म्हणून माठाचे कौतुक मुख्यतः देशावर, खानदेशात आणि वऱ्हाड-नागपुराकडे. कोकणातील माणूस गार पाण्यासाठी विहिरीच्या खोलीवर भरवसा ठेवतो व ते तांब्याच्या हंड्यात भरतो. माठाची छिद्रे पाण्यातील क्षारांनी बुजतात व तो ‘जुना’ होतो, म्हणून दर उन्हाळ्यास नवा माठ. खानदेशात आखाजीला घागर पुजतात, त्या विधीमागे हा व्यवहारही आहे. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी शिंपडणे हे ह्याच तत्त्वाचे मोठे रूप होय.

आता असे विचारता येईल की, ज्यांना पाणी २४ अंशांपर्यंत उतरविता येत होते, त्यांनी त्याच युक्तीने शिजविलेले अन्न का टिकविले नाही? उत्तर साधे आहे. २४ अंशांवर भात दुसऱ्या दिवशी आंबतोच. आजचे शीतकपाट ४-५ अंशांवर काम करते. बाष्पीभवनाचा थंडावा पिण्यास पुरेसा आहे, साठविण्यास नाही. त्याचा उपयोग झाला तो थोड्याच पदार्थांना. विड्याची पाने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवीत. लोण्याचा गोळा ताकात किंवा थंड पाण्यात बुडवून ठेवीत व पाणी बदलीत. भाजी संध्याकाळपर्यंत हिरवी राहावी म्हणून तिच्यावर पाण्याचा हबका मारीत. ह्यापलीकडे ह्या थंडाव्याची मजल गेली नाही.

मग शिंके कशासाठी? ‘शिंके’ हा शब्द संस्कृत ‘शिक्य’ ह्यावरून आला आहे. आढ्याला टांगलेल्या ह्या दोरीच्या जाळीत दुधातुपाची भांडी ठेवीत. हवा खेळती राहून थोडा लाभ होई हे खरे, परंतु त्याचे मुख्य कार्य मांजर, उंदीर, मुंग्या आणि घरची मुले ह्यांपासून रक्षण करणे हे होते. ‘शिंक्याचे तुटते, बोक्याचे पटते’ ही म्हण शिंक्याचा शत्रू कोण हे स्पष्ट सांगते. तिच्यात उन्हाळ्याचा उल्लेख नाही. फडताळ, आणि पुढे शहरांत आलेले तारेच्या जाळीचे कपाट, ह्यांचेही तेच. त्या कपाटाचे चार पाय पाणी घातलेल्या चार वाट्यांत उभे असत. ते पाणी थंडाव्यासाठी नव्हते. मुंग्या वर चढू नयेत म्हणून होते. माझ्या लहानपणी आमच्या आजीच्या घरी असे कपाट होते व त्या वाट्यांत पाणी घालण्याचे काम मुलांकडे असे. त्या वेळी घरात फ्रीज आलेला होता, तरीही आजी दूध त्या कपाटातच ठेवी. फ्रीजमधले दूध ‘शिळे’ होते, असे तिचे म्हणणे होते. आम्ही हसत असू. शब्दाची व्युत्पत्ती शिकल्यावर मला असे वाटू लागले की, ती शब्दाचा प्रयोग आमच्यापेक्षा अधिक मूळ अर्थाने करीत होती.

अन्न टिकविण्याचा खरा मार्ग थंडीचा नसून उष्णता, आम्ल, मीठ, तेल आणि ऊन ह्यांचा होता. दूध दिवसातून दोनतीनदा तापवावयाचे किंवा गोवऱ्यांच्या मंद धगीवर ठेवावयाचे, रात्री विरजावयाचे, दह्याचे ताक, ताकावरचे लोणी, लोण्याचे तूप. ह्या साखळीतील प्रत्येक पायरीवर पदार्थाचे आयुष्य वाढते : दूध काही तास, दही एकदोन दिवस, तूप कित्येक महिने. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आंबलेले पदार्थ वर्ज्य ठरवून दही व दह्यापासून होणारे पदार्थ त्यातून वगळले आहेत आणि स्निग्ध पदार्थांनी युक्त असे अन्न पर्युषित झाले तरी चालते असे म्हटले आहे. शास्त्रकाराने स्वयंपाकघरातील अनुभवालाच मान्यता दिली, असे येथे म्हणता येईल. आगोटीपूर्वीची बेगमी ही ह्या व्यवस्थेची वार्षिक बाजू : पापड, कुरडया, सांडगे, मिठात मुरविलेल्या कैऱ्या, चिनी मातीच्या बरण्यांतील लोणची, किनाऱ्यावर सुके बोंबील, सोडे व सुकट. ज्यांच्या वाट्यास मेलेल्या जनावराचे मांस येई, त्या घरांत ते मांस लांब कापून उन्हात वाळवीत. त्यांना ‘चान्या’ हा शब्द आहे. शाहू पाटोळे ह्यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ ह्या २०१५ सालच्या ग्रंथात ह्या पाकपरंपरेची नोंद झाली, तोवर मराठीतील पाकपुस्तके ह्या शब्दाविषयी मौन बाळगून होती.

बिघडण्याची क्रियापदे पाहिली म्हणजे ही दृष्टी अधिक स्पष्ट होते. दूध नासते, भात आंबतो, वरण विटते, भाजी कुजते, भाकरीला बुरा येतो, तेल खवट होते. पदार्थागणिक शब्द वेगळा आहे, कारण पदार्थागणिक उपाय वेगळा होता. ह्यांतील कित्येक शब्द मनुष्यालाही लागू झाले : मन विटते, अंग आंबते. उलट, ‘थंड करून टिकविणे’ ह्या क्रियेला मराठीत एका शब्दाचे स्वतंत्र क्रियापद नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ साली प्रसिद्ध झाला व त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. त्यात शिळा, निवणे, विटणे, शिंके हे सारे शब्द आहेत. पहिल्या आवृत्तीनंतर अवघ्या तीन वर्षांनी मुंबईच्या बंदरात बर्फ उतरला, म्हणून ह्या कोशाकडे बर्फपूर्व मराठीची नोंद म्हणून पाहता येते.

राजदरबारांची गोष्ट निराळी होती, तिच्याकडे ओझरता दृष्टिक्षेप टाकू. अबुल फझलच्या ‘आईन-इ-अकबरी’त सोऱ्याने पाणी गार करण्याची कृती दिली आहे : एक शेर पाण्याची सुरई तोंड बंद करून, अडीच शेर सोरा व पाच शेर पाणी ह्यांच्या मिश्रणात पाव तास फिरवावी. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो, हे त्यामागील तत्त्व होय. १५८६ साली बादशहाचा मुक्काम पंजाबात गेल्यावर उत्तरेच्या डोंगरांतून लाहोरास बर्फ येऊ लागल्याचेही तेथे नमूद आहे. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांच्या परंपरागत यादीत आबदारखाना व शरबतखाना आहेत. नावे फारसी व संस्था मुघली वळणाची. अलाहाबादकडे हिवाळ्यात उथळ, कच्च्या मातीच्या ताटल्या उसाच्या वाळलेल्या चिपाडांवर मांडून, त्यांत उकळून निवविलेले पाणी घालून रात्रीत बर्फ धरीत. सर रॉबर्ट बार्कर ह्याने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हे वर्णन सादर केले. भोवतालची हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही निरभ्र आकाशाकडे उष्णता उत्सर्जित होऊन पाणी गोठते. ही कृती मुंबईच्या किनाऱ्यावर शक्य नव्हती; तेथील रात्री तितक्या थंड व कोरड्या कधीच नसतात.

मुंबईचा बर्फ आला तो अमेरिकेहून. बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर ह्याने १८०६ साली मार्टिनिक बेटावर पहिली खेप पाठविली होती. १८३३ साली ‘टस्कनी’ नावाच्या जहाजातून सुमारे १८० टन बर्फ कलकत्त्यास निघाला. चार महिन्यांच्या प्रवासात विषुववृत्त दोनदा ओलांडूनही त्यातील सुमारे १०० टन शिल्लक राहिला. लाकडाच्या भुशात दाबून बसविलेल्या लाद्या हे ह्या यशाचे रहस्य. पुढच्याच वर्षी, १८३४ साली, मुंबईत वाडिया घराण्याच्या पेढीमार्फत पहिली खेप आली. त्या बर्फावर केलेले आइस्क्रीम जमशेटजी जीजीभाई ह्यांनी मेजवानीत वाढले व यजमान-पाहुण्यांस पडसे झाले, ही हकीकत मुंबईच्या इतिहासकारांनी आवडीने सांगितली आहे. थंड खाल्ले की बाधते, हा जुना समज येथे नव्या पदार्थावर लगेच लागू झाला, एवढेच तिच्यावरून घ्यावे. फोर्टात सेंट अँड्र्यूज चर्चलगत घुमटाकार बर्फघर उभे राहिले. ते आज नाही. मद्रासचे मात्र उभे आहे, व स्वामी विवेकानंदांनी १८९७ साली तेथे मुक्काम केल्यामुळे त्यांच्या नावाने ओळखले जाते.

हा बर्फ युरोपीयांच्या व धनिक पारशी-हिंदू व्यापाऱ्यांच्या पेल्यात पडला, रुग्णाच्या कपाळावर ठेवला गेला. मध्यम स्थितीच्या मराठी घरातील अन्न टिकविण्यास त्याचा उपयोग झाला नाही. १८७८ साली कलकत्त्यात बंगाल आइस कंपनी स्थापन झाली आणि यंत्राने केलेल्या बर्फापुढे पुढील दशकात अमेरिकी बर्फाचा व्यापार संपुष्टात आला. त्यानंतर गोणपाटात गुंडाळलेली लादी गल्लोगल्ली पोहोचली. तरीही घरात तिचे आगमन सणासमारंभापुरते, मीठ व बर्फ भरलेल्या पॉटातील आइस्क्रीमपुरते. शब्दांनी येथेही साक्ष ठेवली आहे. फारसीत आकाशातून पडणारे हिम ते ‘बर्फ’ आणि गोठलेले पाणी ते ‘यख’. मराठीने दोहोंसाठी ‘बर्फ’ हाच एक शब्द पुरेसा मानला. ज्या समाजाने ह्यांपैकी एकही गोष्ट जवळून पाहिली नव्हती, त्याला भेद करण्याचे कारण नव्हते. पांढऱ्या मिठाईस मात्र ‘बर्फी’ हे नाव मिळाले. ‘कुलफी’ आणि ‘कुलूप’ हे दोन्ही शब्द अरबी ‘कुफ्ल’पासून आलेले आहेत, झाकण घट्ट बंद केलेल्या साच्यावरून पदार्थाचे नाव पडले, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

आता ह्या विषयाची जी बाजू माठ-शिंक्यांच्या कौतुकात नेहमी सुटते, तिच्याकडे वळू. अन्न टिकत नाही, तर उरलेले अन्न कोठे जाते? ते कोणाच्या तरी पोटात जाते. आणि कोणाच्या, हे थंडी-उष्णतेने ठरत नसे; समाजातील स्थानाने ठरत असे. घरात ते सर्वांच्या मागून जेवणाऱ्या स्त्रियांच्या ताटात जाई. पुरुषांच्या पानात ऊन भात व सुनेच्या पानात शिळी भाकरी, ही वाटणी इतकी नित्याची होती की तिची वेगळी नोंद करण्याची कोणास गरज वाटली नाही. घराबाहेर ते गावगाड्यातील महार-मांगांकडे जाई. महारांस घरोघर फिरून भाकरी मागण्याचा ‘हक्क’ होता. संध्याकाळी मिळणाऱ्या त्या तुकड्यांत शिळ्याचे प्रमाण किती असे, हे दलित आत्मकथने वाचणाऱ्यास सांगावयास नको. शीतकपाट नसलेल्या समाजाचे शीतकपाट म्हणजे ही माणसे होती, असे म्हटले तर ते कठोर वाटेल. पण उरलेल्या अन्नाचा निकाल लावण्याची जी व्यवस्था त्या समाजाने केली होती, ती हीच होती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी मृत जनावराचे मांस व शिळेउष्टे तुकडे सोडण्याचे आवाहन केले. अन्नरक्षणाच्या इतिहासात ह्या तारखेचा उल्लेख सहसा नसतो. तो असला पाहिजे, कारण तिथपासून एक जुनी पुरवठ्याची साखळी उलट्या टोकाकडून तुटू लागली.

शिळ्याला प्रतिष्ठा देणारा दिवस वर्षातून एकच : श्रावणातील शीतळा सप्तमी, लोकांच्या तोंडी शिळासप्तमी. त्या दिवशी चूल पेटवावयाची नाही, आदल्या दिवशीचे खावयाचे. देवतेच्या नावातील ‘शीतळा’ आणि पानातील ‘शिळे’ हे एकाच शब्दाचे दोन अवतार. एक पूज्य, दुसरा त्याज्य. व्रताने त्यांना एका दिवसापुरते पुन्हा एकत्र आणले आहे.

१९५८ साली गोदरेजने भारतात शीतकपाटे तयार करण्यास आरंभ केला व पुढील काही दशकांत ती मध्यमवर्गीय घरांत स्थिरावली. नव्या यंत्रास मराठी नाव देण्याची वेळ आली, तेव्हा ‘शीतल’चा घरचा वंशज उपयोगाचा नव्हता; ‘शिळे कपाट’ असे नाव कोण ठेवणार? म्हणून तत्सम ‘शीत’ पुन्हा संस्कृतातून आणावा लागला व ‘शीतकपाट’ झाले. बोलण्यात ते टिकले नाही, ‘फ्रीज’ टिकला. मात्र ‘फ्रीजमधले’ हे विशेषण आता कित्येक घरांत ‘शिळे’ ह्या शब्दाची जागा घेत आहे. ‘शिळी भाजी आहे’ असे म्हणणे पाहुण्यापुढे अवघड, ‘फ्रीजमधली आहे’ हे सोपे.

विभागातील जे विद्यार्थी बोलींच्या नोंदी करीत आहेत, त्यांनी शिळ्या अन्नाचे शब्द वेगळे टिपावेत, अशी विनंती आहे. विशेषतः रात्री पाण्यात घालून ठेवलेल्या भातास, कुस्करलेल्या शिळ्या भाकरीस व मागून आणलेल्या भाकरीस प्रत्येक वस्तीत कोणते शब्द आहेत, ते कोण वापरतो आणि कोणासमोर वापरीत नाही, हे विचारावे. हे शब्द बोलणारी पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे.